श्वासाचे वय



पंधरवड्यापूर्वी टपालाने आम्हांस एक पत्र आले. बेळगावच्या बाजूच्या एका खेड्यातील आजीबाईंनी ते नातवाकडून लिहवून घेतलेले होते. अनेक घरांस उपयोगी पडेल असा विषय असल्याने, त्यांच्या संमतीने व नाव न देता, त्याचे उत्तर या सदरातूनच देत आहोत.

आजीबाईंची कन्या इंग्लंडात परिचारिका आहे. तिला चार महिन्यांपूर्वी मुलगी झाली. त्या देशात प्रत्येक नवजात बालकाच्या टाचेतून पाचव्या दिवसाच्या सुमारास रक्ताचे थेंब घेऊन तपासतात. त्या तपासणीत व पुढे घामाच्या तपासणीत या बाळास सिस्टिक फायब्रोसिस नावाचा जन्मजात रोग असल्याचे निष्पन्न झाले. बाळ दिसावयास गोंडस आहे, दूध पिते, हसते. तरी तिच्या आईस रोज दोन वेळा तिला मांडीवर आडवी धरून छातीवर व पाठीवर ओंजळीसारख्या हाताने चापट्या मारावयास शिकविले आहे. कॉलेजात जाणाऱ्या नातवाने भ्रमणध्वनीवर पाहून आजीस वाचून दाखविले, की या रोगात फुप्फुसांची शक्ती वयाबरोबर दर वर्षी खालावत जाते. तेव्हापासून आजीबाईंच्या डोळ्यास डोळा नाही.

त्या विचारतात: हे कोणाच्या पापाचे फळ? फुप्फुसे वयाबरोबर खालावणारच असतील तर त्या लेकरास रोज बडवून छळावे तरी कशाला? आणि मुलीला नोकरी सोडून बाळासह गावी परत बोलवावे काय, म्हणजे जे काही दिवस असतील ते आपल्या अंगणात, आपल्या माणसांत जातील? पत्राच्या समासात आणखी एक लहानसा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शेवटी देऊ.

आम्ही वैद्य नव्हे. तथापि या विषयावरील आमचे वाचन एका परिचित डॉक्टरांकडून तपासून घेतल्यावरच लेखणी उचलली आहे.

पापाचा प्रश्न आधी घेऊ, कारण तोच अधिक जाळतो. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी प्रभूस हाच प्रश्न केला होता, आणि प्रभूने तो कसा झिडकारला हे आजीबाईंनी उपदेशात अनेकदा ऐकले असेल. शास्त्राचे उत्तरही त्याच दिशेचे आहे. या रोगाचे मूळ सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकात आहे. प्रत्येकास त्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून व एक बापाकडून आलेली. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरीवर काम भागते व त्या माणसास आयुष्यभर काही कळतही नाही. आई व बाप दोघेही असे नकळत वाहक असले, तर प्रत्येक गर्भाच्या वेळी चारांत एक वेळा दोन्ही बिघडलेल्या प्रती एकत्र येण्याचा संभव असतो. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे पंचवीस माणसांमागे एक असा वाहक आहे. आपल्याकडे प्रमाण कमी आहे. पण हा रोग आपल्याकडे नाहीच, असे जे पूर्वी समजत ते खरे नव्हे. (जाता जाता सांगतो: मामाची मुलगी करून घेण्याच्या चालीस ख्रिस्तसभा हरकत घेते, तेव्हा आमच्यावर रुसणारी घरे पुष्कळ. एकाच आजोबांची बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी घरात येण्याचा धोका अशा विवाहात वाढतो, हेही त्यांनी ध्यानी घ्यावे.) पत्रातील आईबापांचे मात्र काही नाते नव्हते. त्यांनी काही चुकीचे केलेले नाही, आणि आजीबाईंनी तर नाहीच नाही.

आता रोगाकडे वळू. याची ओळख प्रथम मिठाने पटली. ज्या बाळाच्या कपाळाचा मुका घेता ते खारट लागते ते बाळ फार दिवसांचे सोबती नव्हे, असा समज युरोपातील खेड्यांत कित्येक शतके होता. १९६९ पूर्वीच्या स्नानसंस्काराच्या विधीत धर्मगुरू बाळाच्या जिभेवर मिठाचा कण ठेवीत असत. ज्यांचे कपाळच खारट, अशीही कित्येक बाळे त्या काळी स्नानकुंडापाशी आणली गेली असतील, आणि समोरच्या धर्मगुरूस त्याचा अर्थ ठाऊक नसेल. १९३८ साली न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन या बाईंनी मृत बालकांच्या स्वादुपिंडाचा अभ्यास करून हा स्वतंत्र रोग असल्याचे दाखवून दिले. १९४८ च्या उन्हाळ्यात त्या शहरात भयंकर उष्मा झाला, तेव्हा उन्हाने मूर्च्छित होऊन आलेल्या बालकांत या रोगाची बालके पुष्कळ आढळली. रोममध्ये जन्मलेल्या डॉ. पॉल दि सांत आन्येसे यांनी त्यावरून शोध घेतला, व १९५३ साली दाखवून दिले की या बालकांच्या घामात मीठ फार असते. १९५९ पासून घाम तपासण्याची सोपी रीत निघाली, आणि आजही निदानाचा मुख्य आधार तोच आहे. जुन्या बायांच्या ओठांना जे कळले होते ते मोजावयास प्रयोगशाळेस इतकी वर्षे लागली.

मिठाचा व फुप्फुसाचा संबंध काय? आमचे गोव्यातील वाचक खाजणाचे बांध व त्यांतील मानस जाणतात. मानस म्हणजे बांधातील ते लाकडी दार, की ज्याच्या उघडझापीवर खारे पाणी व गोडे पाणी आपापल्या जागी राहते. दार नादुरुस्त झाले की शेताची घडी विसकटते. आपल्या शरीरातील पेशींच्या कडेसही अशी अतिसूक्ष्म दारे आहेत. त्यांतून क्षार ये-जा करतो व क्षारामागून पाणी जाते. हे दार कसे घडवावे याची आज्ञा त्या जनुकात असते. दार बिघडले की घामातील मीठ शरीरात परत घेतले जात नाही, म्हणून कपाळ खारट. फुप्फुसांत उलट घडते: श्वासनलिकांना आतून ओलावा देणारा पातळ थर सुकतो व कफ घट्ट, चिकट होऊन बसतो.

निरोगी माणसाच्या श्वासनलिकांत बारीक केसांसारखे कुंचले अहोरात्र हलत असतात व धूळ, जंतू, कफ यांस वर ढकलतात. घट्ट कफात हे कुंचले रुततात. तेथे जंतू घर करतात. त्यांतला एक, स्यूडोमोनास नावाचा, एकदा ठाण मांडून बसला की हुसकणे अत्यंत कठीण. त्यांच्याशी लढावयास रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात व लढून मरतात. त्यांच्या फुटलेल्या देहांतील द्रव्यांनी कफ आणखीच चिवट होतो, आणि जंतूंकरिता सोडलेले त्यांचे दाहक रस श्वासनलिकेच्या भिंतीही खातात. प्रत्येक आजारपण भिंतीवर एक व्रण ठेवून जाते. व्रणाने नळी सैल, रुंद होते. सैल नळीत कफ अधिक साचतो. साचलेल्या कफात पुढचे आजारपण वाढते.

आजीबाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. ‘वयाबरोबर खालावते’ हे शब्द खरे, पण ते दिशाभूल करणारे आहेत. वय कोणालाच सोडीत नाही. आपण पंचविशीच्या आसपास येतो तोवर फुप्फुसे भरास येतात; पुढे जोराने फुंकताना पहिल्या एका सेकंदात जेवढी हवा बाहेर पडते ती निरोगी माणसातही दर वर्षी सुमारे २५ ते ३० मिलिलिटर कमी होत जाते. डॉक्टर याच फुंकरीने फुप्फुसांची शक्ती मोजतात. नव्या औषधांपूर्वी या रोगाच्या माणसांत त्याहून निराळीच उतरण असे: वयाच्या मानाने जितकी शक्ती असावी तिच्यातून दर वर्षी शेकडा एक ते तीन गुण वजा होत जात. आणि सर्वांत वेगाची घसरण म्हातारपणी नव्हे, तर मिसरूड फुटण्याच्या वयात व ऐन तारुण्यात. म्हणजे गुन्हा वर्षांचा नव्हे. वर्षांत साचत गेलेल्या कफाचा, जंतूंचा व व्रणांचा तो हिशेब आहे. वर्ष थांबविणे आपल्या हाती नाही. साचणे कमी करणे पुष्कळ अंशी आहे. ज्या चापट्यांना आजीबाई ‘छळ’ म्हणतात त्यांनी आज सुटलेला कफ उद्याच्या व्रणास जागा देत नाही. एकदा पडलेला व्रण मात्र कोणतेही औषध पुसू शकत नाही. म्हणूनच बाळ हसत असताना, काही दुखत नसताना हे करावयाचे.

या चापट्यांचे फळ इतिहासात नोंदलेले आहे. १९५० च्या सुमारास या रोगाचे मूल शाळेच्या वयास पोहोचणे दुर्मिळ होते. एकच रामबाण औषध मिळाले नसतानाही नंतरच्या दशकांत आयुष्य वाढत गेले, ते अनेक लहान गोष्टींनी: जेवणाबरोबर स्वादुपिंडाचे पाचक रस, भरपूर सकस आहार, छातीची रोजची मेहनत, जंतुनाशके वेळीच. १९९३ साली चिवट कफाचे धागे तोडणारे, वाफाऱ्यासारखे हुंगण्याचे औषध आले. १९९७ साली टोब्रामायसिन हे जंतुनाशक हुंगता येऊ लागले. सर्वांत नवल मिठाच्या पाण्याचे. ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांस दिसले की समुद्राच्या लाटांवर फळीने खेळणाऱ्या रुग्णांची फुप्फुसे इतरांहून बरी राहतात. त्यांनी समुद्राच्या दुप्पट खारे, म्हणजे शेकडा सात भाग मिठाचे पाणी यंत्राने तुषार करून रुग्णांस दिवसातून दोनदा हुंगावयास दिले. १६४ रुग्णांवर ४८ आठवडे चाललेल्या या प्रयोगाचे फळ २००६ साली प्रसिद्ध झाले: हे पाणी हुंगणाऱ्यांची छातीची आजारपणे स्पष्टपणे कमी झाली. ज्या मिठाने रोगाची ओळख दिली तेच औषधास आले! मात्र हे कोणी घरी पातेल्यात करू पाहू नये. ते निर्जंतुक असावे लागते, व पहिली मात्रा डॉक्टरांच्या देखत द्यावी लागते, कारण काहींची छाती त्याने आवळते.

यानंतरची गोष्ट अलीकडची आहे. १९८९ साली टोरंटो व मिशिगन येथील संशोधकांनी तो जनुक शोधून काढला. सर्वांत अधिक आढळणाऱ्या बिघाडाचे नाव एफ५०८डेल. १४८० मण्यांच्या माळेतून एकच मणी, पाचशे आठवा, गळालेला. तेवढ्याने दाराची घडी चुकते, आणि पेशीची आतली तपासणी ते दार कडेपर्यंत पोहोचण्याआधीच मोडीत काढते. दुसऱ्या काही बिघाडांत दार जागेवर बसते, पण उघडत नाही. अशा न उघडणाऱ्या दारासाठी २०१२ साली आयव्हाकॅफ्टर ही गोळी अमेरिकेत संमत झाली. २०१९ साली तीन औषधांचा मेळ संमत झाला: दोन औषधे दाराची घडी नीट बसवून ते कडेपर्यंत आणतात व तिसरे ते उघडे ठेवते. एफ५०८डेलच्या रुग्णांत या मेळाने फुंकरीची शक्ती काही आठवड्यांतच सरासरी चौदा गुणांनी वाढली. त्याहून महत्त्वाचे हे, की पुढील दोन वर्षे पाहिलेल्या रुग्णांत ती नेहमीची वार्षिक घसरण सरासरीने जवळजवळ थांबलेली आढळली. याचे दुष्परिणामही आहेत. यकृताची तपासणी वारंवार करावी लागते, काहींचे मन उदास होते. शेकडा दहाच्या आसपास रुग्णांचे बिघाड असे आहेत की त्यांस हे लागू पडत नाही. अशांची वाट अजून त्या जुन्या मेहनतीवरच आहे, आणि फारच थकलेल्या फुप्फुसांना दुसऱ्याचे फुप्फुस बसविणे हा शेवटचा उपाय.

आजीबाईंच्या पत्रात लिहिले आहे, की नातीस हा एफ५०८डेल बिघाड दोन्ही बाजूंनी आलेला आहे. ही वार्ता त्यांनी दुःखाने लिहिली. आम्ही ती वाचून खुर्चीवर सावरून बसलो, कारण तो मेळ ज्यांस लागू पडतो त्यांतच ही नात आहे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत तो २०२० पासून मिळू लागला, व आता दोन वर्षांवरील बालकांस देतात. म्हणजे या बाळाची फुप्फुसे आणखी वीस महिने शक्य तितकी स्वच्छ, विनाव्रण राखावयाची आहेत. चापट्यांचे काम ते.

येथे आम्हांस आमच्याच पेशाविषयी थोडे बोलू द्या. मरणाऱ्याच्या उशाशी काय बोलावे हे आम्हां धर्मगुरूंस शिकविलेले असते. अमेरिकेत व इंग्लंडात आज या रोगाच्या लोकांत बालकांहून प्रौढ अधिक आहेत. त्यांतील कित्येकांस लहानपणी सांगितले गेले होते, की विशी किंवा तिशी पाहशील तर नशीब. त्यांनी शिक्षण अर्धवट सोडले, लग्न टाळले, म्हातारपणाकरिता पैसा साठविला नाही. मरणाची तयारी प्रामाणिकपणे केली. आणि मग एका गोळीने त्यांस सांगितले, की जगावयाचे आहे. पुष्कळांस आनंदाबरोबर एक विचित्र घाबरेपणा आला, आणि आधी गेलेल्या सोबत्यांची आठवण टोचू लागली. त्यांच्यापुढे आता मधुमेह, ठिसूळ हाडे, चाळिशीपासून आतड्याची तपासणी असे प्रौढपणाचे प्रश्न आहेत. या रोगाच्या कित्येक स्त्रिया माता होत आहेत. अशा मनुष्यास काय उपदेश करावा? आमच्या जुन्या वह्यांत त्याचे टिपण नाही. परंतु ‘जे काही दिवस असतील ते’ हे पत्रातील शब्द त्या नातीच्या कानी लहानपणी कधीही पडू नयेत, एवढे आम्ही आग्रहाने सांगतो. तिला पाटी द्या, शाळेची पिशवी द्या, दंगा केल्यास रागे भरा.

आता तिसरा प्रश्न, ज्याचे उत्तर देताना आमचा हात अडखळतो. मुलीस गावी बोलवावे काय? आजीबाई, बोलावू नका.

कारण स्पष्ट सांगितले पाहिजे. या औषधाची अमेरिकेतील छापील किंमत सुरुवातीसच वर्षास तीन लाख डॉलरांच्या वर होती. २०२२ साली काही संशोधकांनी हिशेब मांडला, की ते बनविण्याचा खर्च वर्षास सहा हजार डॉलरांच्या आत बसू शकेल. श्रीमंत देशांची सरकारे कंपनीशी वाटाघाटी करून ते आपल्या रुग्णांस देतात. आपल्या देशातील सामान्य घरास ते आवाक्याबाहेर आहे. २०२३ साली भारतासह काही देशांतील रुग्णांच्या कुटुंबांनी सरकारांकडे दाद मागितली, की पेटंटाची अडचण दूर करून हे औषध इतरांसही बनवू द्यावे. नव्या औषधाच्या शोधास पैसा लागतो हे आम्ही जाणतो. शोधणाऱ्यास मोबदला मिळावा हेही न्याय्यच. पण एकाच बिघाडाच्या दोन बालकांपैकी एकाचा श्वास टिकावा व दुसऱ्याचा सरत जावा, आणि फरक केवळ जन्मगावाचा असावा, ही गोष्ट आम्हांस गिळवत नाही. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत मालमत्तेचा हक्क मान्य आहे, परंतु सृष्टीतील वस्तू सर्वांसाठी आहेत हे तत्त्व त्याच्याही वरचे आहे. ज्यांच्या हाती लेखणी, मत किंवा अधिकार आहे त्यांनी या मागणीस बळ द्यावे.

अंगणाची ओढ आम्ही समजतो. चिंचेखाली नातीस खेळविण्याचे जे चित्र आजीबाईंनी पत्रात रंगविले आहे ते वाचून आमचेही डोळे पाणावले. पण त्या अंगणापर्यंत ते औषध आज येत नाही. मुलगी तेथे राहिली तर नात शाळेत जाईल, आणि सुटीत स्वतःच्या पायांनी त्या चिंचेखाली येईल. तेव्हा उन्हाळा टाळून या म्हणावे. या रोगात घामावाटे मीठ इतके जाते की आपला एप्रिल-मे महिना अशा बालकास खरोखर धोक्याचा.

आपल्या खेड्यांतील घरांसाठी दोन शब्द. एखादे मूल जन्मापासून खोकते, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो, भूक चांगली असून अंगी लागत नाही, शौच पुष्कळ, तेलकट व अति दुर्गंधी होते, उन्हात एकाएकी गळून जाते आणि कपाळ खारट लागते, अशी लक्षणे एकत्र दिसली तर ‘छाती नाजूक आहे’ म्हणून स्वस्थ बसू नका. क्षयाची औषधे देऊनही गुण येत नसेल तर डॉक्टरांस घामाच्या तपासणीविषयी विचारा. ही तपासणी सर्वत्र होत नाही. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज व दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था या ठिकाणी या रोगाच्या बालकांवर दीर्घकाळ काम चालले आहे. नवी गोळी दूर असली तरी पाचक रस, आहार, मीठ, छातीची मेहनत व वेळीच जंतुनाशके ही आपल्याही हातची आहेत.

आता समासातील तो प्रश्न. आजीबाई येत्या नाताळात इंग्लंडास जाणार आहेत, आणि त्यांनी विचारले आहे: “फादर, बाळाचा मुका घेतला तर चालतो काय?”

चालतो. हा रोग स्पर्शाने लागत नाही. सर्दी-खोकला असेल तर बरा होईपर्यंत मात्र थांबा, जाण्यापूर्वी फ्लूची लस घ्या, हात धुऊन मगच बाळास घ्या. या रोगाची दोन माणसे मात्र एकमेकांच्या जवळ बसू नयेत, कारण एकाच्या छातीतील हट्टी जंतू दुसऱ्यास लागतात. म्हणून तेथील एखाद्या कुटुंबात असेच मूल असल्यास दोन्ही बाळांना एकत्र खेळावयास ठेवू नका. चापट्या कशा मारावयाच्या ते मुलीकडून शिकून घ्या. रात्रपाळीहून आलेल्या आईस सकाळची एक पाळी तरी विश्रांती मिळेल.

कपाळाचा मुका घ्याल तेव्हा ते खारट लागेल. घाबरू नका. ती गोळी लागू पडली की घामातील मीठही पुष्कळ उतरते. दोन-तीन वर्षांनी पुन्हा जाल तेव्हा तुम्हांस तो फरक ओठांनीच कळेल. कळला तर आम्हांस पत्राने जरूर कळवा.